हात दिसला की थांबणारी घोडी

आमच्या घोडीएवढी वेगवान घोडी त्या काळी साऱ्या भंडारा जिल्ह्यात नव्हती, हे आधीच सांगून टाकतो, म्हणजे पुढे वाद नको. एकदा ती शहापूरहून अशी सुटली की तिची सावली मागे राहिली, आणि दुपार कलल्यावर धापा टाकत भंडाऱ्याच्या टांगाअड्ड्यावर येऊन तिला मिळाली. ज्यांनी हे पाहिलं ते आता हयात नाहीत. जे हयात आहेत त्यांना काय विचारता, ते तर आमची घोडी पांढरी होती असंही सांगतील.

तरीपण शहापूर ते भंडारा जायला आमच्या टांग्याला सायकलवाल्यापेक्षा जास्त वेळ लागे. कारण असं, की रस्त्यात कोणी हात वर केला की घोडी थांबायची. नुसती थांबायची नाही, त्या हातापाशी चालत जाऊन उभी राहायची. बाईमाणसानं डोक्यावरचा भारा सावरायला हात नेला, की टांगा तिच्या पुढ्यात हजर. कोणी चिंचा पाडायला हात उंचावला, तरी हजर. शाळेच्या मैदानात पोरांची कवायत चालू असली तर बाबा टांगा लांबच्या वाटेनं घ्यायचे, नाहीतर घोडी वर्गात गेली असती.

ही खोड नव्हती, शिकवण होती. तलावाखाली आमची थोडी धानाची शेती होती आणि जोडीला टांगा. घोडी नवी होती तेव्हा बाबांनी तिला शिकवायला माझ्या मोठ्या बहिणीला हाताशी घेतलं. तिला मी बाई म्हणायचो, अजूनही म्हणतो. बाई वडाखाली उभी राहून हात वर करायची, बाबा लगाम सैल सोडायचे, घोडी चालत तिच्यापर्यंत जायची आणि बाई तिला गुळाचा खडा द्यायची. महिनाभरात घोडीच्या डोक्यात एकच गोष्ट पक्की बसली, की जगात जिथं हात वर होतो तिथं गूळ असतो. पुढे बाई भंडाऱ्याला शाळेत जाऊ लागली, तेव्हाही रोज सकाळी वडाखाली हात वर करूनच टांग्यात चढायची. घरून निघतानाच बसली असती तर चाललं असतं. पण मग घोडीला वाईट वाटलं असतं, असं ती म्हणे.

तर या घोडीपायी बाईचं माहेर तुटलं.

बाईला दिली सानगडीला, साकोलीच्या पुढे. लग्न आमच्या दारात झालं आणि पाठवणीच्या वेळी बाबा हटून बसले. वऱ्हाडानं ट्रक आणला होता, पण बाबा म्हणाले, माझी लेक माझ्या टांग्यातून शाळेत गेली, सासरीही माझ्याच टांग्यातून जाईल. ट्रक पुढे, टांगा मागे. झालं. नवरी निघाली म्हणून वाटेतले लोक हात वर करून निरोप देत होते. घोडी एकेका हातापाशी जाऊन उभी. ट्रक पुढे जाऊन थांबायचा, भोंगा वाजवायचा, पुन्हा निघायचा. असं करत करत भंडाऱ्याच्या अड्ड्यावर पोचलो, आणि तिथं घोडी जी उभी राहिली ती राहिलीच. तिचा मुलूख तिथं संपत होता. वैनगंगेचा पूल पुढ्यात, पण त्यापलीकडे काही जग आहे हे तिला कोणी सांगितलंच नव्हतं. बाबांनी चुचकारलं, ओढलं, कानात काहीबाही सांगितलं. घोडी हलेना.

तेव्हा ट्रकमधून बाईचे काकासासरे उतरले. त्या घरात त्यांचा शब्द शेवटचा. उंच, हडकुळे, मिशा अशा की दोन्ही टोकांवर एकेक पोपट बसवावा. अड्ड्यावरच्या साऱ्या टांगेवाल्यांच्या देखत ते म्हणाले, "सोयरे, पोरगी केली थे बरं केलं आमी. घोडी केली असती तं संसार वैनगंगेच्या अलीकडंच मांडा लागला असता."

अड्डा हसला. बाबांच्या रोजच्या बसण्याउठण्यातली माणसं होती ती, म्हणून जास्त लागलं. बाबा हसले नाहीत. म्हणाले, "ज्या दिवशी माही घोडी वैनगंगा ओलांडन, त्या दिवशीच मी तुमच्या दारात पाय ठेवीन."

बाई टांग्यातून उतरून ट्रकमध्ये चढली. ट्रक हलायच्या आधी बाबांनी टांगा वळवला होता.

आमच्याकडे लेक माहेरी यायची तर तिला आणायला माहेरचं माणूस जावं लागतं. सासरचे त्याचे पाय धुतात, जेवू घालतात, मग लेक निघते. पहिल्या दिवाळीला मी यष्टीनं गेलो. काकासासऱ्यांनी मला इतकं जेवू घातलं की परतीच्या यष्टीला चढ लागला तेव्हा कंडक्टर माझ्याकडे पाहायला लागला. पण बाईला पाठवलं नाही. म्हणाले, बाप येऊ दे. दुसऱ्या दिवाळीलाही तेच. बाबांचा शब्द बाबांना सुटेना, काकांचा काकांना. माय बाईच्या वाटच्या करंज्या डब्यात वेगळ्या ठेवायची. त्या नरम पडल्या की मुकाट्यानं उठून घोडीला चारायची, आणि घोडी त्या अशा खायची जणू तिचा यात काहीच दोष नव्हता.

अशात बातमी आली की सानगडीला पट भरणार आणि बैलजोड्या झाल्यावर टांग्यांचीही शर्यत लागणार.

पट म्हणजे आमच्या झाडीपट्टीचा खरा सण. पौषात धानाचं चुरणं-मळणं उरकलं, कोठ्या भरल्या, की गावोगाव बैलांच्या शर्यती. दोन पट्ट्या आखायच्या, जोडीला जोडी लावून पळवायची. ज्या गावी पट त्या गावी घरोघर इतके पाहुणे, की यजमानानं स्वतःच्या घरात झोपायला जागा मागून घ्यावी. पण घोडे पळणार हे नवीन होतं. मी विशीत होतो. त्या दिवसापासून मला अन्न गोड लागेना. म्हणजे जेवत होतो, दोनदा वाढून घेत होतो, पण गोड लागत नव्हतं.

शर्यतीचा आनंद एक, आणि प्रवासाचा त्याहून मोठा. भंडाऱ्यापुढे आमचा टांगा कधी गेलाच नव्हता. ट्रकवाले सांगत की हाच रस्ता सरळ धरला तर कलकत्ता येतं. मी रात्रंदिवस तो रस्ता डोक्यात चालवू लागलो. पूल, मग लाखनी, मग साकोली, जंगल, मग सानगडीचं वळण. आणि समजा वळायचं विसरलोच, तर कलकत्ता. पानठेल्यावर मी हे इतक्यांदा सांगितलं की चौथ्या दिवशी गावातली एक म्हातारी घरी येऊन मायला विचारून गेली, तुझा पोरगा कलकत्त्याहून येताना मच्छरदाणी आणेल का.

बाबा पहिले दोन दिवस रोजच्यासारखे सवाऱ्या वाहत राहिले. तिसऱ्या दिवशी घोडीपुढे भिजवलेले चणे दिसले. चौथ्या दिवशी ते तिच्या पायांना तेल चोळताना सापडले. टांग्याच्या चाकांना वंगण गेलं, घुंगुरमाळ चिंचेनं घासली गेली, आणि झापडं नवी शिवली गेली, चांगली रुंद, म्हणजे घोडीला आजूबाजूचं काही दिसू नये, फक्त समोरचं. तेव्हा मी ओळखलं. ते स्वतः जाणार का, असं विचारलं तर धानाचं पोतं पाठीवरून खाली ठेवत म्हणाले, "मी कसा जाऊ? माही कंबर धरली. तू जाय. सवारी एकही घेऊ नोको, घोडी ताजी राहिली पाह्यजे. अन् ऐक. कोठीच थांबली नाई पाह्यजे ते."

निघायच्या दिवशी धुक्यात माय गोठ्यामागे आली. शिदोरी दिली, करंज्यांचा डबा दिला. म्हणाली, "शर्यत गेली खड्ड्यात. बाईले घेऊन येजो."

दोघांचे दोन हुकूम घेऊन मी एकटा निघालो. रस्त्याच्या दोन्ही अंगांना लाखोरीची शेतं फुलली होती, घुंगरं वाजत होती आणि मागच्या बाकावर कोणी नव्हतं. रिकाम्या टांग्यासारखं सुख नाही. तो आपोआप गाणं म्हणतो. मी भंडाऱ्यापर्यंत राजा होतो.

अड्ड्यावर घोडी थांबली.

तीच जागा, तेच टांगेवाले. मी चुचकारलं, ओढलं, बाबांनी सांगितलं होतं तेच कानात सांगितलं. कोणी मोठ्यानं हसलं नाही, पण विड्या सगळ्यांनी एकदम पेटवल्या. उन्हं वर आली. मला वाटलं, संपलं. कलकत्ता, शर्यत आणि बाई, तिन्ही गेले.

तेवढ्यात मुरमुऱ्याचं पोतं घेतलेली एक बुढी आली. तिला पलीकडे जायचं होतं. मी म्हटलं, आजी, सवारी घ्यायची नाही आणि घेतली तरी घोडी हलत नाही. बुढीनं घोडीकडे नीट पाहिलं, पोतं टांग्यात टाकलं आणि स्वतः पायी पुलावर गेली. वीसेक हात गेल्यावर वळली आणि म्हणाली, "अगे ये न व," आणि हात वर केला.

घोडीचे कान उभे राहिले. ती अशी निघाली की माझी टोपी अड्ड्यावरच राहिली. बुढीपाशी जाऊन थांबली. बुढीनं तिला मूठभर मुरमुरे दिले, पुढे चालू लागली, पुन्हा वळली, पुन्हा हात. त्या जुन्या पुलाला कठडे नाहीत, खाली वैनगंगा थंडीनं वाफाळत होती, मागे ट्रकांची रांग लागून पार नागपूरपर्यंत गेली होती, आणि आमची घोडी मुठी-मुठीनं वैनगंगा ओलांडत होती. पलीकडे पोचल्यावर मी मागे वळून अड्ड्याकडे पाहिलं. कोणी पाहत नव्हतं. चांगल्या गोष्टींना साक्षीदार मिळत नाहीत, हे माझं आयुष्यभराचं दुखणं आहे.

त्यानंतर सवारीचा नियम काही टिकला नाही. पलीकडच्या लोकांना या घोडीचा स्वभाव ठाऊक नव्हता, आणि घोडीला तर नवा मुलूख सापडला होता. ती प्रत्येक हाताशी थांबली. बुढी उतरली तर दोन बायका चढल्या, त्या उतरल्या तर एक वाजंत्रीवाला त्याच्या डफासकट. लाखनीला मुक्काम पडला तो अशाच एका सवारीच्या घरी. साकोलीच्या जंगलात वाघ आडवा आला. त्यानं पंजा वर केला नाही म्हणून, नाहीतर तोही सानगडीपर्यंत टांग्यात बसून आला असता.

एकट्याचा प्रवास म्हणून निघालो होतो. सानगडीला पोचलो तेव्हा मला स्वतःला पायदानावर उभं राहून लगाम धरावा लागत होता.

त्यामुळे पोचलो उशिरा. सवाऱ्या पटावरच उतरवल्या, बाईच्या घरी जायला वेळच नव्हता. बैलजोड्या पळून झाल्या होत्या, टांगे पट्टीवर लागत होते. पट तलावाखालच्या मोकळ्या जागेत होता. दोन्ही बाजूंना माणसांची भिंत, आणि समोर, शेवटच्या दोरीपलीकडे, तलावाची आडवी पाळ. पाळीवर गावच्या बायका बसल्या होत्या. लेकी मोकळ्या डोक्यानं हसत-खिदळत, सुना पदर कपाळापर्यंत ओढून, हात मांडीवर ठेवून. गावचे सारे सासरे-दीर खाली बसलेले, तेव्हा सुनांनी नुसतं पाहायचं. दोरीपाशी खुर्चीवर काकासासरे होते. मिशा लांबूनच ओळखल्या.

आमच्या जोडीला साकोलीकडचा एक पांढरा घोडा लागला. त्याच्या अंगात वारं होतं, चौघांनी धरला होता. झेंडीवाल्यानं झेंडी धरून हात वर केला आणि आमची घोडी शांतपणे चालत त्याच्यापाशी जाऊन उभी राहिली.

हशा झाला. टांगा मागे घेतला. त्यानं पुन्हा हात वर केला, घोडी पुन्हा त्याच्यापाशी. काकासासऱ्यांनी टांगा ओळखला होता. खुर्चीतूनच बोलले की सानगडीकरहो, सवारी बसवा आता कोणीतरी, त्याशिवाय ही निघायची नाही. शेवटी झेंडीवाल्याला मागे उभं केलं आणि आरोळी देऊन शर्यत सोडली.

पांढरा घोडा बंदुकीच्या गोळीसारखा सुटला. आमची दुडक्या चालीनं निघाली. समोर हात नाही, टांग्यात सवारी नाही, घाई कशाची? बाजूला हजारो हात हवेत होते, पण पट्टीवर येताच मी बाबांची झापडं पक्की बांधली होती. मी ओरडलो, शिव्या दिल्या, हातापाया पडलो. निम्मी पट्टी सरली, पांढरा घोडा दोरीच्या जवळ गेला, आणि माझ्या डोळ्यांसमोर अड्डा उभा राहिला, विड्या ओढणारा.

तेव्हा पाळीच्या डाव्या टोकाला, पदरवाल्या सुनांच्या ओळीत, एक हात वर झाला.

मला आधी कळलं नाही. घोडीला कळलं. तिच्या अंगातून जे काही गेलं ते लगामातून माझ्या हातापर्यंत आलं. ती वाकडी झाली, पांढऱ्या घोड्याच्या नाकासमोरून त्याच्या पट्टीत शिरली, दोरी तोडली, माणसं पांगवली आणि टांग्यासकट पाळ चढू लागली. दोरीला पहिली ती लागली. हे मी आजही शपथेवर सांगतो. पंचांनी पट्टी सोडली म्हणून बाद केलं, ती त्यांची मर्जी.

घोडी थांबली ती बाईच्या पुढ्यात. बाई उभी होती, पदर खांद्यावर आला होता आणि हात अजून वरच होता. तो खाली घ्यायचं ती विसरली होती. घोडीनं तिच्या तळहाताला नाक लावलं. तिथं गूळ नव्हता. घोडीनं तरी नाक काढलं नाही.

सारा पट पाळीकडे वळला. सुनेनं साऱ्या गावादेखत हात उंचावला होता. भाटवे, म्हणजे बाईचा नवरा, खाली मान घालून बोटांशी चाळा करत होते. काकासासरे खुर्चीतून उठून पाळीवर आले. बाईनं पदर सारखा केला, पण घोडीच्या मानेवरचा दुसरा हात काढला नाही.

काका म्हणाले, "तुह्या बापानं सांगतलं होतं, घोडी वैनगंगा ओलांडन त्या दिवशी येईन. घोडी आली. बाप कोठी हाये?"

एरवी माझ्याकडे रचलेलं उत्तर तयार असतं. त्या दिवशी खरं तेच तोंडात आलं. "काकाजी, बाबाची कंबर धरली. म्हणून त्यायनं घोडीलेच पाठवलं."

काकांनी घोडीकडे पाहिलं. घोडी घामानं निथळत होती, पाय गुडघ्यापर्यंत चिखलानं भरले होते. मग त्यांनी बाईकडे पाहिलं. तिच्या चेहऱ्यावर त्यांना काय दिसलं ते मला माहीत नाही. मला तर ती वडाखालचीच दिसत होती.

"मंग सोयऱ्याले असा वावरात काहून उभा केला?" काका म्हणाले. "दारात आणा."

गाव मागे चालला. दारात घोडी उभी राहिली. काकांनी पाण्याचा गुंड मागवला, धोतर खोचलं आणि स्वतः तिच्या पुढच्या पायांवर पाणी घातलं, चिखल हातानं चोळून काढला. गुंड रिकामा झाला तसे आत वळून म्हणाले, "अजून एक आणा व. सोयऱ्याले पाय चार हायेत." बाईच्या सासूनं घोडीला कुंकू लावलं. बाईनं गूळ आणला. चांगली अर्धी भेली. मी डबा पुढे केला, तर काकांनी एक करंजी खाल्ली आणि म्हणाले की नरम पडली आहे.

बाईला पाठवायचं का, असं कोणी विचारलंही नाही. सोयरा आला, पाय धुतले, जेवला. लेक निघाली. भाटव्यांनी तिची पेटी टांग्यात ठेवली आणि घोडीला हळूच नमस्कार केला.

परतताना बाई मागे न बसता माझ्या शेजारी बसली. वाटेत मी तिला वाघाचं सांगितलं. ती म्हणाली, वाघ असता तर घोडीनं त्याला पाळण्यातल्या पोरासारखं घरी आणलं असतं, तेव्हा जरा कमी सांग. पूल आला. घोडी त्यावरून अशी चालली जणू तो तिच्या हुंड्यात मिळाला होता.

पुलाच्या अलीकडच्या टोकाला कोणीतरी उभं होतं. हात वर होता.

घोडी त्याच्यापाशी जाऊन थांबली. बाबा होते. कंबर धरलेला माणूस शहापूरहून अड्ड्यावर दुसऱ्याच्या टांग्यात बसून आला होता. टांगेवाल्यांनी नंतर सांगितलं, रोजच येत होता. बाबांनी बाईकडे पाहिलं नाही, माझ्याकडेही नाही. घोडीच्या कपाळावरचं कुंकू अंगठ्यानं हळूच दाबून पाहिलं. मग एखाद्या अनोळखी सवारीसारखं विचारलं, "शहापूरले जागा हाये का?"

"बस न बाबा," बाई म्हणाली आणि सरकली.

अड्डा मागे पडला. मग बाबांनी विचारलं, घोडी जिंकली का. मी पांढऱ्या घोड्यापासून सुरुवात करणार, तोच बाई म्हणाली, "बाद झाली."

"काहून?"

"मी हात वर केला."

बाबांनी मान हलवली. पुढे दोन कोस ते घोडीच्या पाठीकडेच पाहत होते. नंतर इतकंच म्हणाले की पोचवायला मीच येईन, काकाजींना सांगून ठेव. आणि आलेही.

त्या दिवशी भंडाऱ्यापासून शहापूरपर्यंत जिथं जिथं हात वर झाला तिथं तिथं घोडी थांबली. बाबांनी एकदाही लगाम ओढला नाही. टांग्याचा मागचा सारा बाक रिकामा होता. माणसं पाय उचलून चढायला लागायची, आणि बाबा दर वेळी वाकून, अगदी सावकाश, प्रत्येकाला सांगायचे, "जागा नाई, भाऊ. लेक आली हाये."